पाच टक्क्यांचा खटला

फराळाच्या ताटात कारल्याची भाजी कोणी वाढीत नाही आणि दिवाळीच्या अंकात कराचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तरीही मी तो लिहावयास बसलो आहे. ज्या कराची ही हकीकत आहे, तो आपल्याच जुन्या मध्य प्रांतात जन्मास आला. त्याच्यावरून नागपूर आणि दिल्ली यांच्यात वाद लागला. हिंदुस्थानातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाकडे सल्ल्यासाठी गेलेला पहिला प्रश्न तोच होता. आणि त्या वेळी जे ठरले त्याचे मोल आज घरोघरची मोटारसायकल रोज चुकते करीत आहे. इतके असून ही गोष्ट आमच्या वर्धा जिल्ह्यात फारशी कोणास ठाऊक नाही. तेव्हा चकली मोडता मोडता वाचकांनी ती ऐकावी, एवढीच विनंती.

मी वडनेरचा. हिंगणघाट तालुक्यातले हे गाव नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहे. पूर्वी हा सात नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता, वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा. पुढे नवे आकडे पडले आणि तो श्रीनगर-कन्याकुमारी असा चव्वेचाळीस नंबरचा झाला. आकडा बदलला, पण रस्त्याचा स्वभाव तोच राहिला. रात्रंदिवस ट्रक वाहतात, उत्तरेचा माल दक्षिणेत आणि दक्षिणेचा उत्तरेत जातो. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी विलायतेच्या बाजारात होते. तो कापूस तेव्हा बैलगाडीतून बाजारात जाई. आज तो डिझेलवर जातो. वखरणी-नांगरणीलाही ट्रॅक्टर लागतो. म्हणून पंपावरचा आकडा हलला की आमच्याकडे तो मोटारवाल्यांपुरता राहत नाही. भाजीच्या पाटीपर्यंत आणि शेतमजुराच्या जेवणापर्यंत त्याची झळ पोहोचते.

आमच्या भागात तेल आधी आले ते दिव्यासाठी. त्यास कोणी मातीचे तेल म्हणत, कोणी घासलेट, कोणी रॉकेल. ते चौकोनी पत्र्याच्या डब्यातून येई आणि तेल संपले तरी डबा संपत नसे. त्यात पाणी तापे, धान्य राही, तुळस लागे. पेट्रोल मागाहून आले आणि मूठभरांसाठी आले. परंतु सरकारची नजर त्याच्यावर फार लवकर पडली. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१७ साली, मध्यवर्ती सरकारने मोटर स्पिरिटवर कर बसविणारा कायदा केला. मोटर स्पिरिट हे पेट्रोलचे सरकारी नाव. कायद्याच्या पुस्तकात ते आजही त्याच नावाने वावरते.

पुढे मोटारी वाढल्या, बैलगाडीसाठी बांधलेले रस्ते उखडू लागले आणि दुरुस्तीस पैसा कोठून आणावयाचा असा प्रश्न पडला. त्याच्या विचारासाठी १९२७ साली एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते मुंबईचे नामांकित बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. समितीने सुचविले की, रस्ता जो वापरतो त्याने रस्त्याचा खर्च उचलावा, आणि तो मोजण्याचे सर्वांत सोपे माप म्हणजे पेट्रोल. त्याप्रमाणे १ मार्च १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला व तो मध्यवर्ती रस्ते निधीत जाऊ लागला. आजच्या मापाने पाहिले तर हे लिटरला पावणेतीन पैसे होतात. रक्कम लहान, पण तत्त्व मोठे होते. या पैशाचे काम ठरलेले होते आणि देणाऱ्यास ते रस्त्यावर दिसत होते. जयकरांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा भेटणार आहेत.

आता १९३७ सालाकडे येऊ. १९३५ च्या कायद्याप्रमाणे निवडणुका झाल्या आणि नागपुरास मध्य प्रांत व वऱ्हाडचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. प्रथम डॉ. ना. भा. खरे मुख्य प्रधान होते. १९३८ च्या पावसाळ्यात त्यांचा काँग्रेसश्रेष्ठींशी जो गाजलेला झगडा झाला, त्यानंतर पंडित रविशंकर शुक्ल आले. गांधीजी तेव्हा सेवाग्रामला राहत असल्याने देशाचे राजकारण वर्ध्याच्या स्टेशनावर उतरत असे. लोकांच्या मंत्र्यांकडून लोकांच्या अपेक्षा मोठ्या होत्या. गावोगाव शाळा हव्यात, शेतकऱ्यास सूट हवी आणि सर्वांत वर म्हणजे दारूबंदी हवी. दारूबंदी हा काँग्रेसचा जाहीर कार्यक्रम, आणि दारूची अबकारी हा प्रांतांच्या उत्पन्नाचा मोठा आधार. एका हाताने अबकारी सोडावयाची आणि दुसऱ्या हाताने शाळा काढावयाच्या, तर मधली तूट भरणार कोण?

नागपूरच्या कायदेमंडळाने या अडचणीतून जी वाट काढली, ती तोवर कोणी चोखाळलेली नव्हती. १९३८ चा चौदावा कायदा म्हणून तो ओळखला जातो. त्याने ठरविले की, पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर, विक्रीच्या किमतीच्या शेकडा पाच या दराने कर घ्यावा आणि तो किरकोळ दुकानदाराकडून वसूल करावा. सारी योजना एवढीच. मोटार बाळगणारा माणूस गरीब नसतो, तेव्हा त्याच्याकडून थोडे घेण्यात कोणाच्या चुलीवरचे भांडे उतरत नाही, असा हिशेब करणे तेव्हा सोपे होते.

दिल्लीस मात्र हे मानवले नाही. तिचे म्हणणे असे : देशात तयार होणाऱ्या मालावर अबकारी बसविण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारचा. माल कारखान्यातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत कोठेही कर घेतला तरी तो अबकारीच. तेव्हा मध्य प्रांताने आमच्या शेतात नांगर घातला आहे. नागपूरचे उत्तर साधे होते. त्याच १९३५ च्या कायद्यात प्रांतांच्या अधिकारांची यादी आहे आणि तिच्यातल्या अठ्ठेचाळिसाव्या कलमी 'मालाच्या विक्रीवरील कर' असे स्पष्ट लिहिले आहे. ते शब्द शोभेसाठी घातले आहेत काय?

गव्हर्नर जनरलने हा प्रश्न सल्ल्यासाठी नव्या संघ न्यायालयाकडे पाठविला. हे न्यायालय १९३७ च्या ऑक्टोबरात सुरू झालेले. पाटी अजून ओली होती. तेव्हा मी 'खटला' म्हणतो खरे, परंतु कायद्याच्या भाषेत ती विचारणा होती. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, त्यांच्या जोडीला सर शाह महंमद सुलेमान, आणि तिसरे न्यायमूर्ती कोण, तर आपले मुकुंदराव जयकर! दहा वर्षांपूर्वी ज्यांनी पेट्रोलवर रस्त्यांसाठी दोन आणे सुचविले, त्यांच्याच पुढे आता पेट्रोलवरचे हे पाच टक्के न्यायासाठी उभे राहिले.

२ डिसेंबर १९३८ रोजी मत जाहीर झाले. तिघांनी वेगवेगळी निकालपत्रे लिहिली, पण निष्कर्ष एकच निघाला : मध्य प्रांताचा कायदा वैध आहे. ग्वायर यांची विचारसरणी थोडक्यात अशी, की एकाच कायद्यातली दोन कलमे एकमेकांस गिळून टाकतील असा अर्थ लावू नये. अबकारीचा अर्थ इतका ताणला की विक्रीकराला जागाच उरू नये, तर प्रांतांना दिलेला अधिकार कागदावरच राहील. म्हणून माल निर्माण होताना जो कर लागतो तो केंद्राचा, आणि माल दुकानातून विकताना जो लागतो तो प्रांताचा. भांडणाऱ्या दोन भावांच्या शेतात पंचांनी बांध घालावा, तसा हा बांध पडला.

निकाल न्याय्य होता, असे मला वाटते. तो उलट लागता, तर प्रांतांना प्रत्येक शाळेसाठी आणि प्रत्येक दवाखान्यासाठी दिल्लीच्या दारी हात पसरावा लागला असता. १९३९ साली मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला आणि मग एकामागून एक प्रांत त्या वाटेने गेले. राज्यांच्या तिजोरीचा पाया ज्या विक्रीकरावर पुढची सत्तर-पाऊणशे वर्षे उभा होता, त्याचा पहिला दगड नागपुरास बसला, हे आपण विदर्भातल्या लोकांनी अभिमानाने सांगावे असेच आहे.

परंतु न्यायालयास एक गोष्ट विचारलेलीच नव्हती. बांधाच्या अलीकडे एक मालक आणि पलीकडे दुसरा, हे ठरले. पण पीक एकच, ते पेट्रोल. दोघांनी मिळून त्यातून किती न्यावे, हा प्रश्न पुढे नव्हता. तेव्हा एकीकडे काही आणे आणि दुसरीकडे शेकडा पाच असल्याने तो कोणास सुचलाही नसेल. पुढच्या सगळ्या इतिहासाची मेख मला येथे दिसते.

त्यानंतर युद्ध आले. १९४१ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी बसली. स्वातंत्र्य आल्यावर कराच्या जोडीला मूळ भावाचा प्रश्न उभा राहिला. तेलाचा व्यापार बर्मा-शेल, स्टँडर्ड-व्हॅक्यूम आणि कॅल्टेक्स या परदेशी कंपन्यांच्या हाती होता. १९४८ मध्ये सरकार व बर्मा-शेल यांच्यात भाव ठरविण्याची एक रीत मान्य झाली. परदेशी बंदरातला भाव घ्यावयाचा; त्यावर जहाजाचे भाडे, विमा, वाटेतली तूट, आयात कर आणि कंपनीचा मोबदला चढवावयाचा. १९५४ व १९५५ साली मुंबईस ट्रॉम्बे येथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, तरी भाव मोजण्याची तऱ्हा तीच राहिली. पेट्रोल ट्रॉम्ब्यात तयार व्हावे आणि गिऱ्हाइकाने मात्र ते सातासमुद्रापलीकडून तयार होऊन आले असे समजून पैसे मोजावेत, असा तो प्रकार होता. घरच्या विहिरीचे पाणी काशीच्या कावडीच्या भावाने विकत घेण्यासारखाच!

सरकारने मग समित्या नेमल्या. १९६१ साली दामले समितीचा अहवाल आला, १९६५ साली तालुकदार समितीचा, १९६९ साली शांतिलाल शहा समितीचा. प्रत्येकीने कंपन्यांच्या भावाला थोडी थोडी कात्री लावली, पण परदेशी भावाची फूटपट्टी हातातून सुटली नाही. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचा भाव चौपट केला आणि ती पट्टी मोडली. १९७४ ते १९७६ या काळात कंपन्या राष्ट्राच्या झाल्या. त्यानंतर आयातीचा भाव सोडून उत्पादनखर्च आणि गुंतवणुकीवर ठरावीक परतावा या हिशेबाने भाव बांधून देण्यात आले.

या बांधलेल्या भावांच्या काळात एक मोठी सामाईक वही असे. तिला तेलाचे 'पूल' खाते म्हणत. पेट्रोल महाग विकावयाचे, रॉकेल स्वस्त द्यावयाचे आणि एकाची बचत दुसऱ्याच्या तुटीत भरावयाची. मोटारवाल्याने झोपडीतल्या चिमणीचे तेल भरावे, यात मला तरी काही वावगे दिसत नाही. परंतु एकाच टाकीत मिसळता येणाऱ्या दोन द्रवांमध्ये इतके अंतर ठेवले की त्या अंतरात चोर राहावयास येतात. रेशनचे रॉकेल डिझेलमध्ये जाऊ लागले. ते ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग दिला, तरी ते थांबले नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनाची भेसळ उघडकीस आणू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. भावाचा आकडा मंत्रालयाच्या कागदावर निर्जीव दिसतो, पण त्याची किंमत एखाद्या घराला अशी मोजावी लागते, हे सणाच्या दिवशीही विसरू नये.

१ एप्रिल २००२ पासून बांधलेल्या भावांची पद्धत कागदोपत्री संपली. प्रत्यक्षात सरकारचा हात निघावयास आणखी बारा वर्षे गेली. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये मोकळा झाला, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि १६ जून २०१७ पासून दोन्हींचे भाव देशभर दररोज बदलू लागले. लोकांना वाटले, आता तेल जगाच्या बाजाराप्रमाणे चढेल-उतरेल. चढले ते खरे. उतरावयाची वेळ आली तेव्हा मात्र बांधाच्या दोन्ही बाजूंचे मालक जागे झाले.

केंद्राचा कर २०१४ च्या आरंभी पेट्रोलवर लिटरला साडेनऊ रुपयांच्या जवळ होता. मे २०२० मध्ये, जगात तेल मातीमोल झाले असता, तो तेहतीस रुपयांच्या घरात गेला. २०२१ सालच्या ३२ रुपये ९० पैशांतले १८ रुपये रस्त्यांचा उपकर म्हणून होते. जयकरांच्या दोन आण्यांचा वंशविस्तार तो हाच. आणि ज्यात राज्यांना वाटा मिळतो, तो मूळ अबकारी कर त्यात फक्त १ रुपया ४० पैसे होता. बाकीचे उपकर आणि अधिभार. ते वाटून देण्याचे बंधन केंद्रावर नाही.

राज्यही स्वस्थ बसले नाही. राज्याचा कर टक्केवारीने आणि तोही केंद्राचा कर धरून झालेल्या किमतीवर लागत असल्याने, दिल्लीने हात घातला की मुंबईची ओंजळ आपोआप भरते. शिवाय २०१५ साली दुष्काळासाठी म्हणून महाराष्ट्राने लिटरमागे दोन रुपये चढविले. एप्रिल २०१७ ची गोष्ट तर आम्हा वर्धेकरांनी जपून ठेवावी अशी आहे. महामार्गालगतची दारूची दुकाने सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाने बंद झाली आणि महसूल बुडाला. तेव्हा पेट्रोलवर लिटरला तीन रुपये वाढले. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई हे त्याचे कारण सांगण्यात आले. आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. ज्या दुकानांचे दार आम्ही पाहिलेही नव्हते, त्यांच्या कुलपाचा खर्च आमच्या मोटारसायकलींनी भरला. दारू सोडावयाची आणि पेट्रोल धरावयाचे, हे १९३८ चे गणित ऐंशी वर्षांनी असे पुन्हा फळास आले.

आणि तो किरकोळ दुकानदार, ज्याच्याकडून पाच टक्के घेण्याचे नागपूरच्या कायद्याने ठरविले होते, त्याचे काय झाले? गिऱ्हाइकास वाटते, पंपवाला गब्बर. खरे पाहता भाव त्याच्या हाती नाही. त्याचे कमिशन कंपनी ठरवून देते आणि ते लिटरमागे दोन-चार रुपयांत असते. त्यातून नोकरांचे पगार, विजेचे बिल, उन्हात उडून जाणारी वाफ आणि टँकरसाठी आगाऊ भरलेल्या पैशाचे व्याज निघावे लागते. ३ नोव्हेंबर २०२१, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री, केंद्राने पेट्रोलवरचा कर पाच रुपयांनी आणि डिझेलवरचा दहा रुपयांनी उतरविला. लोकांची दिवाळी गोड झाली. पण ज्यांनी सणासाठी टाक्या भरून ठेवल्या होत्या, त्यांनी कर जुन्या दराने भरला आणि माल नव्या दराने विकला. ३१ मे २०२२ रोजी महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या पंपवाल्यांनी एक दिवस कंपन्यांकडून माल उचलला नाही. २०१७ पासून कमिशन वाढले नव्हते, ही त्यांची मुख्य तक्रार. ती ऐकली गेली ती २०२४ च्या धनत्रयोदशीस. पेट्रोलवर लिटरमागे ६५ पैसे आणि डिझेलवर ४४ पैसे वाढ जाहीर झाली. सात वर्षांची थकबाकी पैशांत मोजली गेली. करांची वाढ त्याच काळात रुपयांत मोजली जात होती.

हे सारे एका छत्राखाली आणण्याची संधी २०१६ साली आली होती. वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती झाली आणि मिठाईपासून मोटारीपर्यंत जवळजवळ सगळा व्यापार त्यात गेला. पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल, नैसर्गिक वायू व विमानाचे इंधन यांना तो कर केव्हा लावावयाचा, हे मात्र पुढे परिषदेने ठरवावे असे लिहून ठेवले. राज्यसूचीच्या चोपन्नाव्या नोंदीत पेट्रोल आणि डिझेल ही नावे मुद्दाम घालण्यात आली, आणि त्यांच्याच पंगतीस माणसाच्या पिण्याची दारू बसविण्यात आली. संघसूचीतही अबकारीसाठी पेट्रोल राखून ठेवले गेले. म्हणजे ग्वायर, सुलेमान आणि जयकर यांनी घातलेला बांध घटनेच्या पुस्तकात अधिकच पक्का झाला.

कर नसावा, असे मी म्हणत नाही. वडनेरवरून जाणारा चौपदरी रस्ता काही आकाशातून पडलेला नाही. गावातली शाळा आणि दवाखानाही करावरच चालतो. राज्याला स्वतःचे उत्पन्न हवे, हा मध्य प्रांताचा आग्रह १९३८ इतकाच आजही खरा आहे. माझे म्हणणे एवढेच की, तेव्हा अर्धाच प्रश्न सुटला. कोणी घ्यावे हे ठरले. मिळून किती घ्यावे हे कोणीच ठरविले नाही. दिल्लीस विचारावे तर ती राज्याकडे बोट दाखविते, राज्यास विचारावे तर ते दिल्लीकडे, आणि मधे उभा राहिलेला पंपवाला दोघांच्या वतीने शिव्या खातो. जयकरांच्या दोन आण्यांना हिशेब होता. देणाऱ्यास रस्ता दाखविता येत होता. आजच्या लिटरमध्ये रस्ता किती, दुष्काळ किती, बुडालेली दारू किती, हे पावतीवर लिहून दिले तरी पुष्कळ झाले. किराणा दुकानदारसुद्धा डाळ, गूळ आणि तेल वेगवेगळे मांडून मग बेरीज करतो. ज्या मुलखाने देशाला विक्रीकर दिला, त्या मुलखाने आता त्याची फोड करून मागावी. आमचा तो हक्क बाकीच्यांपेक्षा काकणभर अधिकच जुना आहे.